'वेळ बरा जातो' : प्रणयकादंबरी आणि तिचे परीक्षक

बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाला पुस्तक-परीक्षणाची गरज किती असते, हे पुण्या-मुंबईच्या परीक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पुण्याचा वाचक अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात उभ्या उभ्या कादंबरीची दहा पाने चाळतो, लेखकाचा सूर ओळखतो आणि तो रुचला नाही तर पुस्तक जागच्या जागी ठेवून देतो. आम्हांला ती सोय नाही. आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाची खरेदी वर्षातून एकदा होते. चार मासिकांतली आणि दोन रविवार-पुरवण्यांतली परीक्षणे वाचावयाची, यादी करावयाची, पैसे पाठवावयाचे आणि पार्सलाची वाट पाहावयाची. अलीकडे संगणकाच्या पडद्यावर पुस्तकाखाली तारेही दिसू लागले आहेत. परंतु हे चार तारे कोणी दिले आणि कशासाठी दिले, हे ताऱ्यांकडे पाहून कळत नाही. तेव्हा परीक्षण हाच आमचा डोळा.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका परीक्षणावर विसंबून आम्ही एक प्रणयकादंबरी मागविली. परीक्षकाने तिला 'हृद्य प्रेमकथा' म्हटले होते, भाषा ओघवती असल्याची ग्वाही दिली होती आणि शेवटी 'वेळ बरा जातो' असा अभिप्राय नोंदविला होता. पुस्तक आले आणि पहिल्याच आठवड्यात एका सभासद बाईंनी ते परत केले. बाई साठीच्या पुढच्या. प्रणयकादंबऱ्या आवडीने आणि काहीही न लपविता वाचणाऱ्या. कादंबरीत एके ठिकाणी नायक नायिकेच्या थोबाडीत मारतो आणि त्या चपराकीसरशी तिला आपल्या प्रेमाची जाणीव होते. त्या पानाच्या समासात बाईंनी पेन्सिलीने तीन शब्द लिहिले होते : 'हा नायक नव्हे.' ग्रंथालयाच्या पुस्तकावर काही लिहू नये असा आमचा नियम आहे, आणि चिटणीस या नात्याने तो त्यांच्या कानांवर घालणे माझे कर्तव्य होते. मी ते केले नाही. त्या तीन शब्दांत जेवढे परीक्षण होते तेवढे छापील परीक्षणाच्या दीड स्तंभात नव्हते.

त्या परीक्षकाने कादंबरी वाचलीच नसेल, असे मी म्हणणार नाही. वाचली असावी, परंतु अशा कादंबरीला काही प्रश्न विचारावयाचे असतात, हेच त्याच्या मनात आले नसावे. प्रणयकादंबरीच्या परीक्षणाची आपल्याकडे एक रूढ रीत होऊन बसली आहे. शेवट झाकून कथानकाचा सारांश द्यावयाचा, 'रंजक' किंवा 'वाचनीय' यांपैकी एक विशेषण चिकटवावयाचे, मुद्रणदोषांकडे बोट दाखवून निरोप घ्यावयाचा. याच्या उलट स्वभावाचा परीक्षक असला, म्हणजे त्याला ही सगळी जातच त्याज्य वाटते. दिवास्वप्ने, गुलाबी वातावरण, फावल्या वेळची करमणूक, असे तीन-चार शब्द तो लेखणी उचलण्यापूर्वीच ठरवून बसलेला असतो. एक दयेने सोडून देतो, दुसरा तिरस्काराने हाकलून लावतो. पुस्तक तपासले मात्र कोणीच नाही.

आपणांपैकी पुष्कळांनी हाताखालच्या माणसांचे वार्षिक अहवाल लिहिले आहेत. त्या नमुन्यात माणसाचे काम काय, हे आधी नमूद होते आणि मग त्याने ते कसे केले, याची विचारणा होते. टंकलेखकाच्या अहवालात 'यांच्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्याची धडाडी आढळली नाही' असा शेरा आजवर कोणी मारल्याचे ऐकिवात नाही. प्रणयकादंबरीच्या वाट्याला मात्र नेमका हाच शेरा येतो : सामाजिक वास्तवाचे भान नाही, जीवनाचे व्यापक दर्शन नाही. आणि दुसरा शेरा 'काम समाधानकारक', जो साहेबाने कामाकडे पाहिलेले नसले म्हणजे लिहिला जातो. 'वेळ बरा जातो' हा त्याचा वाङ्मयीन अवतार होय.

मग या कादंबरीचे काम कोणते? पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००३ साली प्रणयकादंबरीचा एक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या प्रकाराचे आठ घटक मांडले आहेत. ते आठही पाठ करण्याचे कारण नाही. त्यांतला कणा एवढाच की, दोन माणसे भेटतात, त्यांच्यामध्ये काही अडथळा असतो, तो दूर होतो आणि ती एकमेकांना वरतात. यावर आपला परीक्षक म्हणेल, 'म्हणजे शेवट आधीच ठाऊक. मग वाचावयाचे काय उरले?' हा आक्षेप मी इतक्या वेळा वाचला आहे की, त्याचे उत्तर घरातल्या घरातच आहे याचे मला नवल वाटते. नाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ साली काशीक्षेत्री पूर्ण केले. परमुलखात राहून मराठीत लिहिलेली ही एक थोर प्रणयकथाच आहे, हे जाता जाता आपण परप्रांतस्थांनी ध्यानात ठेवावयास हरकत नाही. तिचा शेवट मुखपृष्ठावरच लिहिलेला आहे. श्रोत्यांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की, कृष्ण येणार आणि रुक्मिणीला नेणार. तरीही पिढ्यान्‌पिढ्या उपवर मुलींनी त्याची पारायणे केली. रुक्मीचा हट्ट, शिशुपालाची वरात दाराशी आलेली, पत्र घेऊन ब्राह्मण द्वारकेस गेलेला आणि उत्तर नाही. कृष्ण येईल हे श्रोत्याला ठाऊक आहे, रुक्मिणीला नाही. त्या अंतरातच सारा रस आहे. नाथांचा आध्यात्मिक अर्थ वेगळा, तो मला अमान्य नाही. शेवट ठाऊक असल्याने कथेचा रस आटत नाही, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे.

तेव्हा परीक्षकाने शेवटाऐवजी अडथळा तपासावा. तो कशाचा बनलेला आहे? आणि मुख्य म्हणजे तो कशाने सुटतो : माणसांच्या अंतरात काही घडून, की कोणा काकांच्या मृत्युपत्राने? जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ सालच्या कादंबरीत डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ते पुस्तकाच्या साधारण मध्यावर. श्रीमंत, रूपवान तरुण स्वतः होऊन मागणी घालतो आणि बाई नकार देते. सामान्य लेखकाने येथे प्रतिस्पर्धी उभा केला असता किंवा आजारपण आणले असते. ऑस्टेन एक पत्र आणते. एलिझाबेथ ते पत्र वाचते, रागावते, पुन्हा वाचते, एकेक वाक्य आपल्या आठवणींशी ताडून पाहते. आणि आपण माणसे ओळखण्यात चुकलो, हे तिला लाजेने कबूल करावे लागते. तिकडे डार्सीलाही तिच्या नकाराने आपले उद्धट रूप दिसलेले असते. अडथळा दोघांच्या स्वभावात होता आणि तो स्वभावानेच सोडविला. म्हणून ते लग्न त्यांनी मिळविलेले आहे, लेखिकेने बक्षीस दिलेले नव्हे. हा भेद सांगणे हे प्रणयकादंबरीच्या परीक्षकाचे पहिले काम आहे, असे मला वाटते. याच ऑस्टेनने 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त मध्येच कथा थांबवून कादंबऱ्यांना नाके मुरडणाऱ्या परीक्षकांची हजेरी घेतली आहे. तो ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस बाहेर पडला. तक्रार त्याहून जुनी असली पाहिजे.

आता आपल्या घरी येऊ. ना. सी. फडके यांचे नाव घेतल्याशिवाय मराठी प्रणयकादंबरीविषयी बोलता येत नाही. १९३१ साली त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कथेच्या तंत्राचा पुरस्कार केला आणि तेव्हापासून त्यांच्या परीक्षकांना 'तंत्र' हा एक शब्द सापडला. चाहत्यांनी तंत्राची वाहवा केली, विरोधकांनी तंत्रामागे जीवन नाही म्हणून टीका केली. पुढे फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद मोठ्या हिरिरीने चालला. त्या वादाने मराठी टीकेला पुष्कळ दिले असेल, परंतु त्यात एक साधा प्रश्न क्वचितच कोणी विचारला : या मुलीने या माणसावर प्रेम का करावे? फडक्यांच्या नायिकेच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, तर पुष्कळदा उत्तर असे येते की, तो नायक आहे म्हणून. त्यांचे अडथळेही बरेचदा गैरसमजाचे असतात. दोघांनी समोरासमोर बसून पाच मिनिटे बोलावयाचे ठरविले, तर मधली शंभर पाने उडून जावीत. उलट पहिल्या भेटीतली चुरस, बोलण्यातली चमक आणि मनातली चुळबुळ ते ज्या लीलेने रंगवितात, ती लीला फडक्यांवर तुटून पडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना साधली असती. हे दोन्ही एकाच परीक्षणात सांगता येते आणि ते तसे सांगावयास हवे होते. खांडेकरांच्या प्रेमकथांना ध्येयवादाचे कवच मिळाले. त्यामुळे त्यांच्यातल्या प्रेमाची परीक्षा तर आणखीच कमी झाली. 'ययाति' १९५९ सालची. १९७४ चे ज्ञानपीठ तिच्यासाठी मिळाले. तिच्यावर लिहिताना भोग आणि संयम यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, शर्मिष्ठेच्या प्रेमाविषयी त्या मानाने थोडे.

येथे एक गमतीची गोष्ट सांगावयाची आहे. प्रेमकथा खरोखरीच चांगली निघाली की, आपले परीक्षक तिचे खातेच बदलून टाकतात. विश्राम बेडेकरांचे 'रणांगण', १९३९ साली प्रसिद्ध झालेले, हे बोटीवरच्या थोड्या दिवसांत चक्रधर आणि जर्मन ज्यू तरुणी हॅर्टा यांच्यात उमललेल्या आणि किनाऱ्याला लागताच तुटलेल्या प्रेमाची कहाणी आहे. आपण तिला आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमीची, युद्धछायेची कादंबरी म्हणतो. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'त (१९५२) बापू आणि राधा यांच्या नात्यावाचून काय उरेल? तिला आपण प्रादेशिक कादंबरी म्हणतो. गौरी देशपांडे यांच्या 'तेरुओ'ला स्त्रीवादी साहित्याच्या कपाटात जागा मिळते. ही नावे चुकीची आहेत असे नाही. परंतु हुशार मुलगा निघाला की त्याला दुसऱ्या शाळेत घालावयाचे आणि मग या शाळेचा निकाल वाईट म्हणून बोंब मारावयाची, असा हा न्याय आहे. 'रणांगण'मधला अडथळा तर असा आहे की, त्यापुढे स्वभाव, पत्र, क्षमायाचना, सारे निरुपयोगी ठरते. तो बंदरावरच्या कागदपत्रांत आणि हिटलरच्या राज्यात आहे. प्रेमकथा म्हणून वाचली, तरच तो आघात पुरा कळतो, कारण प्रेमकथेने दिलेले वचनच तेथे मोडलेले असते.

इंग्रजीतही हे खाते बदलणे चालते. जॉर्जेट हेयर या बाईंच्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या वाचकांनी डोक्यावर घेतल्या, परंतु गंभीर टीकाकार बराच काळ त्यांच्याकडे फिरकले नाहीत. १९६९ साली ए. एस. बायट या लेखिकेने एक लेख लिहून सांगितले की, या बाई तुम्ही समजता त्याहून चांगल्या कादंबरीकार आहेत. पुढे १९९० साली बायटबाईंच्या ज्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले, तिच्या उपशीर्षकात त्यांनी 'रोमान्स' हाच शब्द घातला. अर्थात इंग्रजीत तो शब्द जुन्या अद्भुतकथेलाही लागतो आणि त्यांनी दोन्ही अर्थांशी खेळ केला आहे. परंतु शब्दाची लाज त्यांनी बाळगली नाही.

परीक्षणाचे आणखी एक वळण म्हणजे नीतीचे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' निघाले, तेव्हा त्या कथांतल्या शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनापेक्षा, हे लिहिणारी व्यक्ती कोण, याचाच शोध अधिक झाला. हे वळण कुठवर जाऊ शकते हे पाहावयाचे असेल, तर चंद्रकांत काकोडकर यांचा खटला पाहावा. काकोडकर हे फिरत्या ग्रंथालयांचे लाडके लेखक. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा आरोप आला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तो निकाल मी कायद्यासाठी वाचला नव्हता. वाचल्यावर मात्र मनात आले की, हे तर परीक्षण आहे, आणि बऱ्यापैकी चांगले. न्यायमूर्तींनी गोष्ट सबंध वाचली. ज्या उताऱ्यांवर आक्षेप होता ते कथेच्या संदर्भात ठेवून पाहिले. आणि मग दोन प्रश्न वेगळे केले : वाङ्मय म्हणून ही गोष्ट फारशी उच्च दर्जाची नसेल, लेखकाचा अनुभवही कच्चा असेल, परंतु त्यावरून ती अश्लील ठरत नाही. कथेचा दर्जा आणि कथेचा गुन्हा यांची गल्लत करावयाची नाही, हा विवेक खालच्या मानेने पुस्तके वाचणाऱ्या आपल्या कित्येक परीक्षकांना साधत नाही. ते 'हलके' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतात. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरून काढलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला आणि देशभर गाजला. येथे आमच्या शेजारच्या हिंदी भाषिकांना तो अजून आठवतो. त्याचा मूळ लेखक मराठी, हे सांगितले तर ते चकित होतात. आमच्या मंडळातलीही माणसे चकित होतात, हे त्याहून विशेष.

प्रणयकादंबरीला सवलत द्यावी, असे मी सुचवीत आहे असा समज कोणी करून घेऊ नये. जॉर्ज एलियटने स्वतः कथालेखनाला हात घालण्यापूर्वी, १८५६ साली, 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'त स्त्रियांच्या पोरकट कादंबऱ्यांवर एक निनावी लेख लिहिला. तो वाचताना आजही हसू आवरत नाही. सर्वगुणसंपन्न नायिका, तिच्या पायाशी लोळणारे सरदार, साडेचार वर्षांच्या मुलाच्या तोंडी भारदस्त भाषा, काहीही तिच्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु तिने ती पुस्तके वाचलेली आहेत, त्यांचे प्रकार लावलेले आहेत आणि प्रत्येक प्रकाराला त्याच्या दोषाचे नाव दिलेले आहे. तिची खरी चीड आहे ती परीक्षकांवर. बाईमाणसाचे पुस्तक सुमार असले की हे लोक दाक्षिण्याने तोंड भरून स्तुती करतात आणि ते खरोखरीचे चांगले असले की थंडपणे टीका करतात, असे ती म्हणते. म्हणजे आमच्या 'वेळ बरा जातो'चे मूळ तेव्हाही होते.

आणि वाचक स्त्रियांना तारतम्य नसते, हा समज तर अगदीच निराधार आहे. १९८४ साली जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावातल्या, रोज प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून एक अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. रॅडवेबाई स्वतः या वाङ्मयाच्या भक्त नव्हेत. त्यातल्या सुखस्वप्नांवर त्यांनी कठोर टीकाही केली आहे. परंतु त्यांना असे आढळले की, या बायका पुस्तकापुस्तकांत कसून भेद करतात. नायक निष्ठुर असला, नायिकेला दुखविणारा असला, तर ती कादंबरी त्यांच्या लेखी वाईट. आणि हातात पुस्तक धरणे हाही त्यांचा एक निरोप असतो : हा तास माझा आहे, आता मला कोणी हाक मारू नये. आमच्या बाईंनी रॅडवे यांचे नावही ऐकलेले नाही. त्यांची पेन्सिल मात्र त्याच जागी थांबली.

ते पुस्तक मी कपाटातून काढून टाकले नाही. समासातले तीन शब्दही पुसले नाहीत. त्यानंतर ते सात-आठ जणींनी नेले; एकीने त्या शब्दांखाली बारीक रेघ ओढली आहे, दुसरीने पुढच्या पानावर 'मग तिने माफ का केले?' असे विचारले आहे. यंदाच्या निवड समितीवर आम्ही त्या बाईंना घेतले. पहिल्या बैठकीत एका नव्या कादंबरीच्या परीक्षणाचे कात्रण त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले आणि माझ्याकडे सरकवीत म्हटले, "साहेब, यात सगळे आहे हो, पण त्या दोघांचे अडते कशावर आणि सुटते कशाने, ते कुठे लिहिले आहे?" मी कात्रण पुन्हा पाहिले. लिहिलेले नव्हते. यादीत त्या कादंबरीपुढे सध्या प्रश्नचिन्ह आहे, आणि पैसे पाठविण्याची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत आहे.